एका रात्रीत कुणीही गायब झालं नाही

मेसा व्हर्डेतल्या क्लिफ पॅलेसच्या वरच्या कठड्याशी रेंजरची वाट बघत उभं राहिलं की दहा मिनिटांच्या आत ते वाक्य कानावर येतंच. गेल्या वेळी तर ते चक्क मराठीत आलं. शेजारच्या घोळक्यातले एक काका नातवंडांना सांगत होते, "इथं ना, शेकडो माणसं राहायची. आणि एके दिवशी सगळी गायब! कुठं गेली, आजतागायत कुणालाच माहीत नाही." नातवंडांचे डोळे विस्फारले. माझ्याबरोबर पुण्याहून आलेली माझी दोन भाचरं होती, अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा. त्यांचेही विस्फारले. धाकट्यानं माझा हात ओढला. "आत्या, एलियन घेऊन गेले?"

मी कोलोरॅडोत राहते. दर उन्हाळ्यात तिकडून कुणी ना कुणी येतं आणि त्यांना मेसा व्हर्डेची कड्याकपारीतली घरं दाखवायला नेणं हे माझ्याकडे लागलेलं काम आहे. त्यामुळे हे 'गायब' प्रकरण मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की कानशिलं तापतात. सांगणारी माणसं शिकलेली असतात. एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं की 'पुरावा काय?' असं विचारणारी असतात. पण समोर ओस पडलेलं गाव दिसलं आणि बरोबर लहान मुलं असली की कुणालाच गूढकथा सांगायचा मोह आवरत नाही. म्हणून एकदा नीटच सांगते.

मेसा व्हर्डे म्हणजे स्पॅनिशमध्ये हिरवं पठार. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हे पठार १९०६ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९७८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. इथं साधारण इसवी सन ५५० पासून लोक राहत होते. आणि पहिली चूक इथंच होते. आपण फोटोत कपारीतली घरं बघतो आणि धरून चालतो की ही माणसं कायम कपारीतच राहिली. तसं नाही. सातेकशे वर्षांच्या वस्तीतली बहुतेक सगळी वर्षं ती वर, पठारावर, शेताला लागून राहिली. कपारीत घरं बांधायला सुरुवात झाली ११९०च्या सुमारास, आणि १२८०च्या आसपास बांधकाम थांबलं. मराठी आजी-आजोबांना मी हा काळ असा सांगते: देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हा ही घरं बांधली जात होती, आणि ज्ञानेश्वरी सांगून झाली त्या १२९० साली ती रिकामी होती.

ही सालं अंदाजपंचे नाहीत. ती लाकडानं सांगितलेली आहेत. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं तयार होतं, पावसाच्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. जाड-बारीक कड्यांची ती ओळ एखाद्या ठशासारखी असते. अँड्र्यू डग्लस नावाचे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचा आणि हवामानाचा संबंध शोधता शोधता झाडांच्या कड्यांकडे वळले. त्यांच्याकडे दोन साखळ्या होत्या, एक आजपासून मागे जाणारी आणि दुसरी या जुन्या घरांतल्या तुळयांची. दोन्ही एकमेकींना भिडत नव्हत्या. १९२९ साली अ‍ॅरिझोनातल्या शो लो या गावी एक अर्धवट जळालेली तुळई सापडली आणि मधली फट बुजली. त्या दिवसापासून कुठली तुळई कुठल्या वर्षी तोडली हे सांगता येऊ लागलं. मुलांना हे सांगून बघा. एलियनपेक्षा जास्त वेळ ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मग ते गेले का? त्याच कड्यांवरून दिसतं की १२७६ ते १२९९ या काळात भीषण अवर्षण पडलं. पण 'दुष्काळ पडला आणि गेले' हेही अर्धवट उत्तर आहे, कारण बाराव्या शतकाच्या मध्यावर याहून लांबलेला कोरडा काळ या प्रदेशानं काढला होता आणि तेव्हा तो ओस पडला नव्हता. तेराव्या शतकात माणसं वाढलेली होती, सरपण आणि शिकार दूर गेली होती, आणि भांडणंही पेटली होती. जवळच्याच कॅसल रॉक या वस्तीच्या उत्खननात हल्ला आणि कत्तल झाल्याचा पुरावा मिळाला आहे. (हे सात वर्षांच्या मुलाला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही सांगत.) शिवाय दक्षिणेकडे, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, त्यांच्यासारखीच शेती करणाऱ्यांची गावं होती. जाणं काही एका रात्रीत झालं नाही. काही कुटुंबं आधी गेली, काही मागाहून, आणि १२८५च्या सुमारास हा भाग रिकामा झाला. घोडा नाही, बैल नाही, चाक नाही. ओझं वाहायला फार तर कुत्रा. अशी माणसं शेकडो मैल चालत जाताना जड रांजण आणि दळायचे दगड मागेच ठेवणार. 'भांडीकुंडी तशीच टाकून पळाले, म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार' असं म्हणणाऱ्यांनी आधी आपलं घर पाठीवर बांधून निघून दाखवावं.

आणि कुठं गेले, हे तर अजिबातच गूढ नाही. न्यू मेक्सिकोत प्वेब्लो आदिवासींची १९ गावं आज नांदती आहेत, अ‍ॅरिझोनात होपींची गावं आहेत, टेक्सासात एक आहे. ही सगळी त्यांच्याच वंशजांची. ताओस, अ‍ॅकोमा, झूनी, झिया ही नावं नकाशात आहेत, तिथं माणसं आहेत, शाळा आहेत, निवडणुका आहेत. आपल्या पूर्वजांची गावं कुठं होती हे तिथली वडीलधारी माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. ते कुणी विचारात घेत नव्हतं, एवढंच.

ज्यांना मौखिक परंपरा पुरत नाही त्यांच्यासाठी दुसरे पुरावेही आहेत. स्कॉट ऑर्टमन या पुरातत्त्वज्ञानं २०१२ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. टेवा या प्वेब्लो भाषेतले शब्द, सांगाड्यांची मोजमापं आणि तोंडी चालत आलेल्या कथा एकत्र ठेवून, रिओ ग्रांदेकाठचे टेवा लोक मेसा व्हर्डेच्या भागातून आले, असं त्यांनी मांडलं. माझा आवडता पुरावा मात्र टर्कीचा आहे. हे लोक टर्की पाळायचे, तिच्या पिसांची उबदार पांघरुणं करायचे. २०१७ साली ब्रायन केंप आणि सहकाऱ्यांनी जुन्या टर्कींच्या हाडांतला डीएनए तपासला. रिओ ग्रांदेकाठच्या टर्की १२८०च्या आधी वेगळ्या होत्या, नंतरच्या मात्र मेसा व्हर्डेकडच्या टर्कींशी जुळल्या. माणसं पक्षी काखोटीला मारून गेली होती. मी हे सांगितल्यावर धाकटा म्हणाला, "म्हणजे कोंबड्यांनी चुगली केली." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

काकांना मी शेवटी विचारलंच, तुम्ही मूळचे कुठले? "इंदापूरकडचे." मग सोपं झालं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. दर उन्हाळ्यात त्याचे फोटो छापून येतात. तिथं नावेतून गेलेला एखादा परदेशी पाहुणा म्हणाला की पळसदेवची माणसं गूढरीत्या गायब झाली, तर? काका हसले. "अहो, पळसदेव वर बसलंय की, हायवेला." तेच तर म्हणतेय मी. तिथं धरणानं उठवलं, इथं अवर्षणानं आणि भांडणांनी. पण माणसं उठून दुसरीकडे बसली, विरली नाहीत.

यात निव्वळ माहितीची चूक असती तर मी एवढी चिडले नसते. गायब झालेल्यांच्या वस्तूंना मालक नसतो. १८९१ साली गुस्ताफ नॉर्डनशॉल्ड हा तेवीस वर्षांचा स्वीडिश तरुण इथं आला, त्यानं घरं आणि थडगी खणली, नोंदी अतिशय काळजीपूर्वक केल्या आणि सगळं खोक्यांत भरून युरोपला पाठवायला निघाला. ड्युरँगो गावात त्याला अटक झाली, पण अडवायला कायदाच नव्हता. तो सुटला, खोकीही गेली, आणि पुढे तो संग्रह फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन पडला. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा अमेरिकेत व्हायला १९०६ साल उजाडावं लागलं. आणि सप्टेंबर २०२० मध्ये फिनलंडहून सुमारे वीस जणांचे अस्थिअवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या २८ वस्तू परत आल्या. होपी, झूनी, अ‍ॅकोमा आणि झिया या चार जमातींनी त्यात पुढाकार घेतला होता. मेसा व्हर्डेतच त्यांचं पुन्हा दफन झालं. गायब झालेल्यांसाठी सव्वाशे वर्षांनी असं कोण येतं?

म्हणून माझं आलेल्या प्रत्येक कुटुंबाला सांगणं असतं की सहल मेसा व्हर्डेला संपवू नका. तिथून गाडीनं पाचेक तासांवर ताओस आहे. अल्बुकर्कीच्या पश्चिमेला तासाभरावर, उंच कातळावर वसलेलं अ‍ॅकोमा आहे, तिथं गावातल्याच माणसांबरोबर फिरता येतं. निघण्याआधी गाव पाहुण्यांना खुलं आहे का ते बघावं, सणावारी आणि विधींच्या वेळी बंद असतं किंवा फोटो काढू देत नाहीत. राहत्या माणसांची घरं आहेत ती, खिडकीतून डोकावायचं नाही. हेही जमत नसेल तर सांता फेमध्ये पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत प्वेब्लो आणि इतर आदिवासी कारागीर रोज आपले दागिने आणि मातीची भांडी मांडून बसतात. मुलांनी सकाळी संग्रहालयात काचेमागे घडा बघावा आणि दोन दिवसांनी तसा घडा करणाऱ्या बाईंना 'हॅलो' म्हणावं. गायबचं भूत उतरवायला एवढं पुरतं.

आता दुसरा गैरसमज, आणि हा खास आपला. 'अमेरिकेतलं अजिंठा.' निघायच्या आधी भावानं मुलांना हेच सांगून पाठवलं होतं. अजिंठा-वेरूळची लेणी बसाल्ट छिन्नी-हातोड्यानं कोरून केलेली आहेत. मेसा व्हर्डेत कुणी काही कोरलेलं नाही. या लोकांकडे धातूचं हत्यारच नव्हतं. कपार निसर्गानं करून ठेवलेली. वर वालुकाश्म आहे, पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून झिरपत खाली येतं. खाली शेलचा थर लागतो, त्यातून पाणी जाऊ शकत नाही, म्हणून ते आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी पाझरतं. हिवाळ्यात तेच पाणी भेगांत गोठतं, फुगतं आणि दगड फोडतं. असं हजारो वर्षं झालं की कड्यात ही भली मोठी ओसरी तयार होते, तीही मागच्या बाजूला पाण्याचा झरा असलेली. त्या ओसरीत मग लोकांनी घरं बांधली. दगडानं दगड ठोकून आकार दिलेले चिरे, मातीचा गिलावा, सांध्यांत भरलेल्या चिपा, लाकडी तुळया. आपल्याकडे गवंडी करतात तेच काम. काही ठिकाणी मातीत बोटांचे ठसे अजून दिसतात.

आणि हो, कपार अजूनही घडतेच आहे. स्प्रूस ट्री हाउस हे इथलं सगळ्यात सहज पाहता येणारं, मुलांना सोयीचं घर २०१५ पासून बंद आहे, कारण वरून दगड निखळू लागले. मुलांना तिथं न्यायचं असं ठरवून येणाऱ्यांनी आधी उद्यानाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

कोरलेलंच बघायचं असेल तर न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियरला जा. तिथला कडा ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. त्यात लोकांनी कठीण दगडानं खरोखरच खोल्या कोरल्या आणि पुढं घरं बांधून त्या त्यांना जोडल्या. पायवाटेवरच्या काही खोल्यांत शिडीनं चढून मुलांना आत जाऊन बसताही येतं.

बाकीचे गैरसमज भराभर.

क्लिफ पॅलेस हा राजवाडा नव्हता. नाव गोऱ्यांनी ठेवलेलं. खोल्या दीडशेच्या घरात, माणसं राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अंदाजानं शंभरेक. बऱ्याच खोल्या धान्याच्या. आणि उद्यानातल्या सुमारे ६०० कपारघरांपैकी बहुतेक एक ते पाच खोल्यांचीच आहेत.

'गुरं पाळणाऱ्या वेदरिलनं १८८८ मध्ये या घरांचा शोध लावला.' इथल्या यूट आदिवासींना ती घरं आधीपासून माहीत होती. अ‍ॅकोविट्झ नावाच्या यूट माणसानंच वेदरिलला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं.

'अनासाझी' हे त्यांचं नाव नव्हे. शब्द नॅव्हाहो भाषेतला आहे, आणि त्याचा अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज' असा लावतात. आपल्या आजोबांना कुणी असं म्हटलेलं आपल्याला चाललं नसतं. होपी लोक त्यांना हिसात्सिनोम म्हणतात.

दारं बुटकी म्हणजे माणसं बुटकी? नाही. पुरुष सरासरी पाच फूट चार इंचांचे, त्या काळच्या युरोपातल्या माणसांएवढेच. दार लहान असलं की ऊब आत राहते आणि एका फरशीनं ते बंद करता येतं.

जमिनीत गेलेली गोल खोली म्हणजे विहीर किंवा हौद नव्हे. ती किवा. तिच्यावर लाकूड-मातीचं छप्पर होतं, छपरातून शिडीनं उतरायचं. मुलांना तिथली हवेची गंमत जरूर दाखवा. मध्ये चूल, छपराच्या भोकातून धूर वर जातो, तसा भिंतीतल्या उभ्या नळीतून ताजा वारा आत ओढला जातो, आणि तो थेट आगीवर येऊ नये म्हणून मध्ये एक आडभिंत. चुलीपलीकडे एक छोटं भोक असतं, सिपापू. माणसं ज्या जागेतून या जगात आली तिची ती खूण. किवा आजही प्वेब्लो गावांत वापरात आहेत, तेव्हा तिच्यात नाणी टाकायची नाहीत. (टाकतात. आपलेच टाकतात.)

अ‍ॅरिझोनातलं माँटेझुमा कॅसल माँटेझुमाचं नाही आणि तो किल्लाही नाही. न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक रुइन्स अ‍ॅझ्टेकांच्या नाहीत. कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळच्या मॅनिटूतली घरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरीकडचे दगड आणून तिथं उभारलेली आहेत. हात लावायला, आत शिरायला मजा येते, पण 'डेन्व्हरजवळच बघून झालं' असं म्हणू नका.

जमिनीवर पडलेली खापरी 'एवढीशी तर आहे' म्हणून खिशात घालणं हा गुन्हा आहे, १९७९ चा कायदा आहे त्यासाठी. माझ्या थोरल्या भाचीनं एक उचलली होती, काळ्या रेघांची, सुंदर. तिनं ती जिथली तिथं ठेवली आणि पुढं अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. संग्रहालयात दळायचा दगड दिसल्यावर बोलली. "आजीचा पाटा!" जवळपास तोच. फरक एवढाच की यावर मका दळायचे आणि पिठात दगडाची कच उतरायची, त्यामुळे चाळिशीच्या आत दात झिजून सपाट.

राहिला सगळ्यात भाबडा गैरसमज. 'मुलांना झेपणार नाही.' झेपतं, फक्त थोडी तयारी हवी. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ७००० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून दीडेक हजार फूट वर. हवा कोरडी, ऊन कडक. पाणी भरपूर न्या, पहिल्या दिवशी पळापळ नको. क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस, लाँग हाउस बघायचं तर रेंजरबरोबरच जावं लागतं. तिकिटं दोन आठवडे आधी ऑनलाइन खुली होतात आणि मोसमात लगेच संपतात. बाबागाडी चालत नाही. मूल कडेवर घेऊन शिडी चढता येत नाही. चालणारं मूल स्वतः चढलं पाहिजे, तान्हं पाठीवरच्या झोळीत हवं. शिड्यांची भीती वाटत असेल तर वेदरिल मेसावरचं स्टेप हाउस आपलं आपण बघता येतं. ज्युनियर रेंजरची पुस्तिका पर्यटक केंद्रातून घ्या, पानं भरली की मुलांना शपथ देऊन बिल्ला देतात. माझा भाचा तो लावून झोपला.

खरी कसोटी बाल्कनी हाउसची. कड्याला टेकलेली ३२ फुटांची शिडी, आणि बाहेर पडायला बारा फूट लांब, जेमतेम अठरा इंच रुंद बोगदा. तो गुडघ्यांवर सरपटत पार करायचा. धाकटा उंदरासारखा निघून गेला. थोरली गेली. मग मी शिरले, पाठीवरची पिशवी काढायची रेंजरची सूचना विसरून. मध्यावर पिशवी दगडात अडकली. पुढं सरकता येईना, मागं इंदापूरचे काका.

बोगद्याच्या पलीकडच्या तोंडातून भाच्याचं तोंड आत डोकावलं.

"आत्या, पोट आत घे!"